दोन बोटं समास

भिवंडी,
शुक्रवार, ९ जानेवारी २००४

ती. सावळारामकाका यांस,
वल्लरीचा सा. न. वि. वि.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून पत्र लिहिते आहे. आज शुक्रवार, गल्लीतले माग बंद आहेत. आठवड्यातला हा एकच दिवस असा, की घरात कोण कुठे काय बोलतंय ते ऐकू येतं. बाकी सहा दिवस एकमेकांच्या ओठांकडे बघून समजून घ्यायचं. लिहिण्याची कामं मी शुक्रवारसाठी ठेवते.

आजोबा गेल्यानंतर 'परसदार'चा हा पहिला अंक. आजोबांनी पस्तीस वर्षं हे हस्तलिखित चालवलं, आणि त्यातली बावीस वर्षं ते तुम्ही प्रेसमधली बाइंडिंगची ड्युटी सुटल्यावर बांधून दिलंत. बाबा म्हणाले, "सावळारामचे हात आता थरथरतात. त्याला त्रास देऊ नकोस." म्हणून यंदा मीच बांधणार आहे. कसं बांधू, एवढं सांगा.

मधोमध पिन मारता येते. झेरॉक्सवाला स्पायरल घालून देतो म्हणाला, पण त्या भोकांशी पानं फाटतात. डिंकानं पाठ चिकटवली तर अंक सपाट उघडत नाही. आईचं म्हणणं, पोथीसारखी सुटी पानं ठेव आणि फडक्यात गुंडाळ. पण पाडव्यापासून अंक बारा घरं फिरतो. सुटं पान कुणाकडे राहिलं तर? मागचा अंक नुसता टाचलेला होता, त्यातलं माझं एक पान असंच गेलं. कुणी मुद्दाम केलं नसेल, तरी मला अजून ते आठवतं. मला असं बांधायचं आहे, की त्यातून एकही पान निघू नये.

नियम आजोबांचाच. अंकात खोडरबर नाही, पांढरी शाई नाही. चुकलं तर एक काट मारायची आणि वर बरोबर लिहायचं. चूक दिसली पाहिजे. कापसाच्या धुळीनं माझी छाती भरायची, म्हणून पाचवीपर्यंत मी शाळेत गेले नाही, आजोबांनी ओट्यावरच शिकवलं. त्याच ओट्यावर माझ्या कितीतरी आधी तुम्ही शिकलात, तेव्हा हा नियम तुम्हाला सांगायला नको.

यंदा रुचिकावहिनी पहिल्यांदाच लिहिणार आहे. मिहिरदादाच्या लग्नात तुम्ही तिला पाहिलं आहे. माझं हे सगळं बघून ती म्हणते, "वन्सं, मासिक बांधताय की कुणाचं पोट शिवताय? केवढा तो घोर."

उत्तर सावकाश द्या, पण द्या.

तुमची,
वल्लरी

*

दिघाशी,
१६ जानेवारी २००४

चि. वल्लरी बायस,
सावळारामचा आशीर्वाद.

पत्र पोचलं. हात थरथरतात हे तुझ्या बापानं खरं सांगितलं. हे लिवायला दोन दिवस लागले. तरी माझा 'ळ' बघ. मास्तरांनी, तुझ्या आजोबांनी, कान पिळून शिकवलेला हाय, तो काय बिघडत न्हाय.

आता काम. पिन मारू नको. गंजते, आणि गंज कागद खातो. डिंकाचं पुस्तक म्हंजे उसनं नातं, ऊन लागलं की सुटतं. स्पायरल हिशोबाच्या वहीला ठीक. कडेचे टाके मजबूत असतात, दाभणानं भोकं पाडायची आणि आरपार शिवायचं. पण कडेचं बांधणं समास खातं. डावीकडं दोन बोटं जागा सोडून लिवलं नसेल तर ओळीचं पयलं अक्षर शिवणीत जातं. मी नवीन व्हतो तेव्हा एक सरकारी गठ्ठा असा बांधला. सायेब वाचायला बसला तर 'नामंजूर'चं 'मंजूर' झालेलं. 'ना' दोऱ्याखाली. मला तीन दिवस घरी बसवला.

तुला पान निघायला नको ना, मंग एकच. जुजबंदी. कागद मधोमध दुमड. असे चार कागद एकात एक घाल, तो झाला एक जुज. आठ पानं, सोळा पृष्ठं. दुमडीतून दोरा काढायचा आणि एक जुज दुसऱ्याला साखळीनं बांधायचा. त्यात कोणतंच पान एकटं नसतं. ज्या कागदावर पाचवं पृष्ठ, त्याच कागदावर पलीकडं अकरावं. त्याला आम्ही जोडपान बोलतो. एक ओढलं की दुसरं हालतं. म्हणून पानं चोरणारा जुजबंदीला भितो.

दोरा मेणावर तीन वेळा ओढ. खळ मैद्याची, त्यात चिमूटभर मोरचूद टाक म्हंजे कसर लागत न्हाय. खळ शिजताना हात थांबला तर गुठळ्या व्हतात, एवढं ध्यानात ठेव. आणि सगळ्यांना आधी दुमडलेले कागद दे, मंग लिवायला सांग.

तुझ्या वहिनीला सांग, पोट शिवणं सोपं, त्याला पाठ नसते.

सावळाराम

*

भिवंडी,
मंगळवार, २७ जानेवारी २००४

ती. सावळारामकाका यांस,
सा. न. वि. वि.

जुजबंदीच ठरवली. तीन जुज झाले. कागद वहिनीनं आणि मी मिळून दुमडले. तिची घडी माझ्यापेक्षा सरळ येते, हे मला मान्य करायला दोन दिवस लागले. तुमचा निरोप सांगितल्यावर ती इतकी हसली, की आई आतून म्हणाली, "काय चाललंय?"

वहिनीनं पहिल्या जुजात पाचव्या-सहाव्या पृष्ठावर लिहिलं आहे. लेखाचं नाव 'मी आणि गच्ची'. तिला उंचीची भयंकर भीती आहे. आमच्या गच्चीचा कठडा गुडघ्याएवढाच. लग्न होऊन आली त्याला दोन वर्षं झाली, पण ती एकदाही वर गेलेली नाही. कपडे वाळत घालायचं काम म्हणूनच माझ्याकडे आहे. संक्रांतीला दादाचे वडप्याच्या गोडाऊनमधले मित्र पतंग उडवायला आले होते. वहिनीनं तिळगूळ जिन्याच्या चौथ्या पायरीवरून वर पोचवला. मित्रांनी दादाची फार टर उडवली. "काय मिहिर, बायको खालूनच डिलिव्हरी देते काय?" दादा म्हणाला, "एक दिवस उचलूनच आणतो वर." सगळे हसले. वहिनीनं तेही लेखात घातलं आहे. लेख खरंच छान झाला आहे, अंकात सगळ्यात छान, असं मला वाटतं. शेलारला माहेरी गेली तेव्हा तिनं वडिलांनाही सांगितलं. रामनाथकाका पाडव्याला मुद्दाम वाचायला येणार आहेत.

तिचं जोडपान माझं आहे, अकरा-बारा. मी आजोबांच्या काट मारायच्या नियमावर लिहिलं आहे.

परवा शिवून टाकीन. मग फक्त पुठ्ठा आणि वरचं कापड राहील. टाका सैल वाटला तर उसवून परत घातला तर चालतो का? मी आत्तापर्यंत दोनदा उसवला आहे.

वल्लरी

*

दिघाशी,
४ फेब्रुवारी २००४

चि. वल्लरी बायस आशीर्वाद.

तिसऱ्यांदा उसवू नको. भोकं मोठी व्हतात आणि मंग चांगला टाकाही सैल बसतो. शिवलं ते शिवलं.

तुझी पत्रं मी पेटीत एकावर एक ठेवतो. सूनबाई विचारते, एवढं काय वाचता? मी बोललो, माझी गुरुबहीण हाय, एका पाटीवरची.

पुठ्ठा चढवला की कळव.

सावळाराम

*

भिवंडी,
मंगळवार, २ मार्च २००४

ती. सावळारामकाका यांस,
सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला. क्षमा असावी.

अंक शिवून झाला आहे, पुठ्ठाही चढला आहे. आता एक अडचण आहे. एक पान काढायचं आहे. पहिल्या जुजातलं, पाचव्या-सहाव्या पृष्ठाचं. पूर्ण अंक उसवायला वेळ नाही, आणि तुम्हीच म्हणालात, की भोकं मोठी होतात. पान काढलं आहे हे वाचणाऱ्याला कळू नये, जोडपान सुटू नये, आणि त्या जागी दुसरं पान बसवता यावं, असा काही प्रकार आहे का? पाडवा एकवीस तारखेला आहे.

बाकी सर्व ठीक.

वल्लरी

*

दिघाशी,
७ मार्च २००४

चि. वल्लरी बायस आशीर्वाद.

आधी बोललीस एकही पान निघू नये. आता बोलतेस काढायचं हाय. वहिनीचा लेख संपादकीणबाईंपेक्षा चांगला झाला, म्हणून काय? मास्तरांकडं पण असं व्हायचं. एकदा तुझ्या बापानं कविता लिवली व्हती, ती मास्तरांनी माझ्याकडून गपचूप काढून घेतली. तेव्हा नियमबियम काय आडवा आला न्हाय. तुझ्या बापाला सांगू नको, अजून त्याला वाटतं ती हरवली.

प्रकार हाय. ब्लेडनं कापू नको. कापलेली कड सरळ असते, बोट लागलं की कळते. जाड सुती दोरा पाण्यात भिजव, पिळून घे. पान उघडून शिवणीपासून दोन बोटं सोडून दोरा उभा ठेव आणि अंक मिटून वर वजन ठेव. अर्ध्या तासानं उघड. तिथला कागद मऊ झालेला असतो, हलक्या हातानं ओढ, पान मेणासारखं सुटतं. आत जी पट्टी राहते ती जोडपानाला धरून ठेवते. पट्टीची कड दोरेदार, पातळ होते. तिच्यावर खळ लावून नवीन पान चिकटव, दाब, वाळव. नुसत्या डोळ्यांना दिसत न्हाय. बोटाला जरासं जाड लागेल, पण वाचणारा बोटानं वाचत न्हाय.

ही चोरांची युक्ती हाय. प्रेसमधल्या म्हाताऱ्या बाइंडरनं मला दाखवली ती चोर पकडता यावा म्हणून.

वहिनीला माझा आशीर्वाद सांग. तिनं काय पाठवला न्हाय या खेपेला निरोप?

सावळाराम

*

भिवंडी,
शनिवार, १३ मार्च २००४

ती. सावळारामकाका यांस,
सा. न. वि. वि.

तुम्ही सांगितलंत तसं केलं. पान व्यवस्थित निघालं. नवीन पान बसवलं आहे.

वहिनीला आशीर्वाद सांगता येणार नाही. ती गेली. आज महिना झाला. १३ फेब्रुवारीला दुपारी गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली होती, रोज जायची तशी. कठड्याशी पाय घसरला. मी खाली होते, पण मागांच्या खडखडाटात मला काही ऐकू आलं नाही. लग्नाला सात वर्षं झाली नव्हती, म्हणून तहसीलदार कचेरीत सगळ्यांचे जबाब झाले. मीही हेच सांगितलं आहे.

तुम्हाला आधी कळवायला हवं होतं. लिहायला बसले की सुचत नसे. बसवलेल्या पानावर तिला श्रद्धांजली लिहिली आहे. दादा म्हणाला, अंक निघाला नाही तर लोक जास्त बोलतील.

वल्लरी

*

दिघाशी,
१८ मार्च २००४

वल्लरी,

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. मंग पेटीतलं २७ जानेवारीचं काढून बाजूला ठेवलं आणि दोन्ही परत वाचली.

जानेवारीत तू लिवलंस, वहिनी दोन वर्षांत एकदाही गच्चीवर गेली न्हाय, कपडे तू वाळत घालतेस. आता लिवतेस, रोज जायची.

माझी सून पुतळाबाई शेलारची हाय, पण ती रुचिका तुमच्याकडची हे तिला ठावं नव्हतं. तिला विचारलं तर ती बोलली, "बाबा, ती रामनाथभाऊंची रुचिका ना? सगळ्या गावाला ठावं हाय. लहानपणी विहिरीच्या कठड्यावर बसायला पण रडायची. ती गच्चीवर कपडे घालंल? आमच्यात कोणाला पटत न्हाय, पण तिच्या नणंदेनंच तसं लिवून दिलं, मंग कोण काय बोलणार? नणंद लई सरळ पोरगी हाय बोलतात."

आणि दुसरं. मी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. १३ फेब्रुवारीला शुक्कुरवार व्हता. भिवंडीत शुक्कुरवारी कोणते माग चालतात?

कचेरीतला लिवून घेणारा बाहेरचा असंल, त्याच्या ध्यानात आलं न्हाय. तुझ्या ध्यानात न्हाय आलं हे मला पटत न्हाय. तू टाका सैल वाटला तर दोनदा उसवणारी पोरगी.

मी तुला ती युक्ती शिकवली. पान का काढायचं ते विचारलं न्हाय, वर थट्टा केली.

मला तू काय ते लिव. न्हाय लिवलंस तरी मी कोणाकडं जाणार न्हाय. पण मंग मला पत्र पाठवू नको.

सावळाराम

*

भिवंडी,
सोमवार, २२ मार्च २००४

ती. सावळारामकाका यांस,
सा. न. वि. वि.

माग बंद होते. ते वाक्य मी कचेरीत म्हटलं तेव्हाच मला कळलं होतं, की आज कुणीतरी म्हणेल, "बाई, शुक्रवार होता." कुणी म्हटलं नाही. मी घरी येईपर्यंत वाट पाहत होते. मग महिनाभर पाहिली. तुम्हालाही तेच वाक्य लिहिलं, ते मुद्दाम की चुकून, हे मला आता सांगता येत नाही.

त्या दिवशी दादाची दुसऱ्या शिफ्टची ड्युटी होती, तो घरी जेवत होता. संक्रांतीपासून त्याचं वहिनीशी धड नव्हतं. मित्र अजून चिडवत होते. बाबा झोपले होते, आई शेजारी गेली होती. मी पुठ्ठ्यासाठी खळ शिजवत होते. जिन्यातून आवाज आले. दादा म्हणाला, "चल, आज तुझी भीती काढतोच." वहिनी आधी हसत होती. म्हणाली, "अहो, खरकटे हात आहेत माझे." मग हसणं थांबलं. पायरीवर पाय घासल्याचा आवाज. मग वरून, लांबून, "हात सोडू नका. अहो, सोडू नका हं." एवढंच.

मी उठले नाही. हात थांबला तर गुठळ्या होतात, असं तुम्ही लिहिलं होतं. मी खरंच हाच विचार केला. खळ चांगली झाली. तीच पुठ्ठ्याला लावली.

त्यानं ढकललं, असं मी म्हणत नाही. हात सोडला की सुटला, ते मला माहीत नाही. खाली आला तेव्हा तो भिंत धरून चालत होता. पण ती आपणहून वर गेली नव्हती, आणि तिच्या हातात कपडे नव्हते. बालदी नंतर आईनं वर नेऊन ठेवली.

जबाबाच्या आदल्या दिवशी बाबांनी मला समोर बसवलं. म्हणाले, "आपण फक्त 'रोज जायची' एवढंच म्हणायचं. गेलेली परत येत नाही. राहिलेल्याला कशाला घालवायचं?" मी म्हटलं, "हे खोटं आहे, बाबा." ते म्हणाले, "तू आतापर्यंत कधी खोटं बोलली नाहीस. म्हणून तर तुझं ऐकतील."

पान काढायचं दादानं सांगितलं. त्यानं ते वाचलंच नव्हतं. मीच त्याला सांगितलं होतं, त्यात काय आहे ते. तिच्या लेखाचं शेवटचं वाक्य असं आहे: 'आमच्याकडे एकजण म्हणतात, एक दिवस उचलूनच वर नेतो, त्या दिवशी वाचकहो, मी डोळे मिटून घेईन आणि खाली काय दिसलं ते पुढच्या अंकात वन्सं लिहितील.'

काल पाडवा झाला. रामनाथकाका शेलारहून आले. थेट आजोबांच्या टेबलाशी बसले. अनुक्रमणिका मी बदलली नव्हती. काट मारली असती तर दिसली असती, नवी लिहिली असती तर नियम मोडला असता. पान फाडताना मला नियम आठवला नाही, आणि अनुक्रमणिकेशी आठवला. त्यांनी 'मी आणि गच्ची, सौ. रुचिका, पृष्ठ ५' या ओळीवर बोट ठेवलं. मग पाचवं पृष्ठ उघडलं. माझी श्रद्धांजली वाचली. मग अंगठा पानाच्या आतल्या कडेवरून वरपासून खालपर्यंत फिरवला. म्हणाले, "हे पान जाड लागतंय." दादा म्हणाला, "कागद वेगळा आहे." ते म्हणाले, "हो का." मग पान उलटून अकरावं पृष्ठ काढलं आणि माझा काट मारायच्या नियमावरचा लेख शेवटपर्यंत वाचला. मी समोर उभी होते. ते चहा न घेता गेले.

तुम्ही लिहिलंत, वाचणारा बोटानं वाचत नाही. ते तसंच वाचत होते.

फाडलेलं पान माझ्याकडे आहे. दादाला जाळलं म्हणून सांगितलं. आजोबांच्या पाटीच्या मागे, पुठ्ठ्यात ठेवलं आहे. आता ते दाखवलं तरी काय? कुणीही म्हणेल, मागाहून लिहून घेतलं. मी माझ्या हातानं ते खोटं करून ठेवलं आहे.

वल्लरी

*

दिघाशी,
२६ मार्च २००४

चि. वल्लरी बायस,

आज थोडंच लिवतो.

ते पान खोटं झालेलं न्हाय. ब्लेडनं कापलेलं पान कोणत्याही पुस्तकात बसतं. ओल्या दोऱ्यानं फाडलेलं पान एकाच जागी बसतं. त्याचा एकेक धागा पट्टीवरच्या धाग्याला जुळतो. पट्टी जोडपानाला जोडलेली, जोडपान जुजात, जुज शिवणीत, आणि शिवण जानेवारीची. नवीन पानाला वाफ दाखव, खळ मैद्याची हाय, सुटेल. पट्टीला धक्का लावू नको. चोर पकडायला ही युक्ती म्हाताऱ्यानं का शिकवली, ते आता कळलं असंल.

तुझं २७ जानेवारीचं पत्र सोबत पाठवतो. लिफाफ्यावर पोस्टाचा शिक्का हाय. चुलीत घालायचं तर घाल, मी विचारणार न्हाय. भाऊ तुझा हाय, घर तुझं हाय. त्यानंतर तुला तिथं कोण जेवायला वाढणार, हे मला पण दिसतं.

मी साक्षीला आलो असतो. पण मी बहिरा माणूस, मी काय ऐकलेलं सांगणार. तू बहिरी न्हाईस.

सावळाराम

*

भिवंडी,
शुक्रवार, ९ एप्रिल २००४

ती. सावळारामकाका यांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आल्यावर आठ दिवस मी काहीच केलं नाही. ते आधी लिहिते, कारण पुढचं वाचून तुम्ही मला बरी समजाल.

त्या आठ दिवसांत दादा दोनदा रडला. एकदा माझ्या खोलीच्या दारात उभा राहून म्हणाला, "वल्ली, मला फक्त तिला दाखवायचं होतं. वरून खाडी दिसते, ती तिला दाखवायची होती." मी विचारलं, "हात तू सोडलास?" तो म्हणाला, "ती ओढत होती." मग म्हणाला, "तू काही ऐकलं नाहीस ना?" मी नाही म्हटलं. त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला. मला त्याची दया आली, अजूनही येते. पण त्याच हाताखाली बसून माझ्या लक्षात आलं, की आता आयुष्यभर रोज त्याला मी हेच उत्तर द्यायचं आहे.

अंक अजून आमच्याच घरी होता, फिरायला निघाला नव्हता. सोमवारी अंक, पान आणि पत्र घेऊन शेलारला गेले. रामनाथकाकांनी पाणी दिलं, बस म्हणाले नाहीत. मी ओटीवर अंक उघडला. श्रद्धांजलीचं पान वाफेवर आधीच सोडवलं होतं. पट्टीला फाटलेलं पान लावलं. काका, ते इतकं जुळलं की मलाच रेघ सापडेना. त्यांनी चष्मा लावून लेख वाचला. एका जागी हसले. शेवटचं वाक्य वाचलं आणि अंक मिटला. वहिनीची आई दारात उभी होती. म्हणाली, "लिहिलंय ना तिनं, तुम्ही लिहाल म्हणून. मग लिहिलंत की काय वाटेल ते."

रामनाथकाका माझ्याबरोबर कचेरीत आले.

कचेरीत मी म्हटलं, माझा जुना जबाब काढा, मला त्यावर काट मारून वर बरोबर लिहायचं आहे. साहेबांना वाटलं मी थट्टा करते. म्हणाले, "असं काट मारता येत नाही, ताई. जुना जबाब तसाच राहतो. नवा द्या. दोन्ही राहतील. आधी खोटं का बोललात, ते तुम्हाला विचारलं जाईल. त्याचा त्रास होईल. चालेल?" मी म्हटलं, दोन्ही राहणार असतील तर चालेल. अंक आणि पत्र त्यांनी पंचांसमोर ताब्यात घेतलं. 'परसदार' आता बारा घरं फिरणार नाही.

मंगळवारी पोलीस दादाला घेऊन गेले. आईनं स्वयंपाकघराचं दार आतून लावून घेतलं, ते मी निघेपर्यंत उघडलं नव्हतं. बाबा एवढंच म्हणाले, "आजोबांनी तुला शिकवलं, ती माझी चूक." मी मैत्रिणीकडे आहे. तिच्या घरच्यांना फार दिवस चालणार नाही. पुतळाबाईंना विचारून कळवाल का, मी दिघाशीला थोडे दिवस आले तर जमेल का. नाही जमलं तरी राग नाही.

एक सांगायचं राहिलं. साहेब म्हणाले, "तुमचं अक्षर चांगलं आहे, तुम्हीच लिहा." फाईल टेबलावर उघडी होती. माझा पहिला जबाब मी पाहिला. कडेला दोन भोकं, त्यातून नाडी ओवलेली. कडेचं बांधणं. लिहिणारा अगदी काठापासून लिहीत गेला होता, त्यामुळे प्रत्येक ओळीचं पहिलं अक्षर आत गेलं होतं.

मी नवा कागद घेतला. डावीकडे दोन बोटं ठेवली, तेवढी जागा सोडली, आणि लिहायला सुरुवात केली: 'त्या दिवशी शुक्रवार होता.'

वल्लरी